पक्ष्यांचा यजमान

नव्वदच्या दशकात मी दर हिवाळ्यात नाशिकहून स्कूटर दामटत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचो. तिथल्या मनोऱ्यावर तो हमखास असायचा. गळ्यात दुर्बीण, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि ओठांवर कायम बोट. त्याचं नाव कधी कळलं नाही. विचारायला तोंड उघडलं की तो "शूऽऽ" करायचा. कुणी चिवड्याची पुडी फोडली तरी त्याच्या कपाळाला आठ्या.

"सायबेरियातनं आलेत बिचारे. पाहुणे हायेत आपले. हळू बोला!"

बदकांचा थवा पाण्यावर उतरला की तो चक्क हात जोडायचा.

एकदा फेब्रुवारीत परतताना रस्त्याकडेच्या द्राक्षबागेत धडाधड सुतळी बॉम्ब वाजले. भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, अख्खा थवा घाबरून उडाला. बांधावर पेटती उदबत्ती घेऊन हेच गृहस्थ उभे! बाग त्यांचीच होती. थवा आता कुठं उतरतोय, ते दुर्बिणीतून बघत होते.

मी विचारलं, "अहो, हेही लांबून आलेले पाहुणेच ना?"

"पाहुणे तिकडं, पाण्यावर. हे लय हरामखोर. मण्यात साखर उतरली का बरोब्बर येतात." पुढच्या बॉम्बची वात सोलत त्यानं मला सवयीनं दटावलं, "शूऽऽ! हळू बोला, सावध होतील."

मी पोटभर हसलो. मग घरी न्यायला त्याच्याच बागेतली पेटीभर द्राक्षं घेतली आणि एकेक घड उलटून बघितला, कुठं चोच तर लागलेली नाही ना.