बाळीच्या हातची पेज

बाळी वेळीप कुळगीकडच्या आम्हा कुणब्यांतली. मामाकडे कॅसलरॉकला राहून चौथीपर्यंत शिकली, एवढाच तिचा गुन्हा. एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराला तिचा बाप विषमज्वरातून उठला. माणसांनी मायेपोटी त्याला रानडुकराचं मटण आग्रह करकरून वाढलं आणि तो गेला. आयुष्यच तेवढं होतं, असं सगळे म्हणाले. बाळी म्हणाली, आजाऱ्याला काय घालावं ते मी शिकून येणार.

त्यासाठी बेळगावात दोन जागा होत्या. एक शास्त्रीबुवांची वैद्यकीची पाठशाळा आणि दुसरा, मिशनच्या एका दवाखान्यातला आजाऱ्यांच्या स्वयंपाकाचा वर्ग. तिची आई काशी तिला घेऊन दोन्हीकडे जाऊन आली. शास्त्रीबुवा उदार गृहस्थ. ओसरीवर बसून ऐकायला त्यांनी मोकळ्या मनाने परवानगी दिली, फक्त चुलीकडे फिरकायचं नाही. म्हणजे पेज करायला शिकायचं ते पेजेला हात न लावता. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, इथे स्वतः रांधायचं आणि चाखून मगच रोग्याला द्यायचं.

आमच्यात परक्या चुलीवरचं खाल्लं की माणूस जातीबाहेर. आमच्या जातीचा मुख्य नागू बुधवंत काशीला म्हणाला, "पाठशाळेत घाल पोरीला. काय बी शिकली न्हाई तरी बाटणार तर न्हाई." सल्ला अगदी पोक्त होता. बाळीने दवाखाना निवडला.

वर्षाने ती परतली आणि पडवीच्या टोकाला तिची चूल वेगळी झाली. पण कुणाला ताप आला की सारा गाव तिच्याच अंगणात. ती सांगायची तसं लोक घरी जाऊन शिजवायचे, बरे व्हायचे आणि तिच्या हातचं पाणीही टाळायचे. तिच्या विद्येला विटाळ नव्हता, हाताला होता. मला तेव्हा याचा राग यायचा आणि आजही येतो.

मग काशीच विषमाने पडली. बाळी उंबऱ्याबाहेरून सांगे आणि सून केशर आत पेज करी. केशरने पेज कधी दाट केली, कधी करपवली. एके दिवशी काशीने वाटी बाजूला सारली.

"बाळी, तुझ्या हातची आण."

"आये, तुला बी वाळीत टाकतील."

"टाकू देत. तुझ्या बापाला समद्यांच्या हातचं चाललं हुतं न्हवं?"

बाळीने पेज आणली. काशी ती प्यायली, आणि पुढे रोज तिच्याच हातची पीत राहिली.

ती हिंडूफिरू लागल्यावर जातीची बैठक बसली. तोवर थांबले, ही माणुसकीच म्हणायची. दंड नेहमीचाच ठरला. काशीने गावाला जेवण घालावं, मग तिला जातीत परत घेऊ.

"घालते की," काशी म्हणाली. "पण रांधणार माझी बाळी."

नागू बुधवंताने पान जुळवायला घेतलं. बाकीचे हळूहळू उठून गेले. ते जेवण कधीच झालं नाही, आणि दोघी मायलेकी अखेरपर्यंत पडवीतल्या त्या एका चुलीवरचं जेवल्या.