दिगूचा हात गेला नव्हता

फोन आला तेव्हा मी धाडच्या आठवडी बाजारात भेंडी निवडत होते. "आत्या, बाबा गेले," मुंबईहून भाचा म्हणाला. कधी, म्हणून विचारलं. सकाळी, झोपेतच. बरं, म्हटलं. भेंडी निवडून पूर्ण केली, पिशवीत घातली आणि मग कांदेवाल्याच्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसले. दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, माझा धाकटा भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याने माझ्या आधी जायचं काही कारण नव्हतं. पण एकही काम रीतीप्रमाणे करायची त्याला सवयच नव्हती.

पुढे चिखलीत श्रद्धांजली सभा झाली. तो असताना ज्यांनी कधी चहाला विचारलं नाही, ते सगळे पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'प्रख्यात गिटारवादक'. दिगूने जन्मात गिटार धरली नाही. तो चेलो वाजवायचा. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा. जमिनीवर टेकवून, गुडघ्यांत धरून, गजाने वाजवतात. पाठक सर, ज्यांचा इथे वाद्यवृंद आहे, ते गहिवरून म्हणाले, "शेवटी शेवटी बिचाऱ्याचा हात गेला होता. आपल्या कार्यक्रमात ते आपण पाहिलंच... तरी माणूस मोठा!" लोकांनी माना हलवल्या. मी तिथेच उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही. म्हणून हे लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढ्याला तेवढी पुरे.

दिगू लहानपणापासून बिनकामाचा. वडिलांनी शिंप्याच्या दुकानात बसवला, तर मशीनच्या आवाजावर ठेका धरायचा आणि बाह्या उलट्या जोडायचा. मग लग्नाच्या बँडमध्ये गेला, तिथून मुंबईला. तीस-पस्तीस वर्षं सिनेमाच्या गाण्यांमागे बसून वाजवत राहिला. गाणारीचं नाव झालं, चाल देणाऱ्याचं झालं, ह्याचं कुठल्या पाटीवर आलं नाही. मी म्हणायची, "काय फायदा रे त्या पेटाऱ्याचा?" तो हसायचा. "बाई, मी हाये हे कोणाले समजत नाही. पण मी नसलो त गाणं पोकळ होते." मला ते काही पटत नसे.

सहा वर्षांपूर्वी पाठक सरांनी चिखलीच्या मंगल कार्यालयात वाद्यवृंदाचा मोठा कार्यक्रम ठरवला आणि दिगूला पाहुणा म्हणून बोलावलं. पंचवीस वादक मागे आणि हा एकटा पुढे. उभ्या जन्मात पहिल्यांदा पुढे बसणार होता, तेही आपल्या मुलखात. दोन दिवस आधी माझ्याकडे उतरला. एसटीत शेजारच्या सीटवर पेटारा बसवून आणला. कंडक्टरने विचारलं, "काका, ह्यांचं तिकीट?" तर म्हणे, "अर्धं द्या, ज्येष्ठ नागरिक हायेत." दोन दिवस मागच्या खोलीत एकच तुकडा घोटत बसला. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, "काकू, म्हैस अडली काय वो?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो जेवून लवंडला. पेटारा उघडाच होता. आत दोन गज, त्यांना घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले. केस कोरडे ठाक, वर पांढरी भुकटी. मला वाटलं, मुंबईत बायकोने ह्याच्याकडे पाहिलं नाही, ह्याने गजाकडे. फडक्याने भुकटी पुसली आणि दोन्ही गजांना घरचं खोबरेल तेल चांगलं चोळलं. नातीच्या वेण्या घालताना चोळते तसं. केस कसे चकचकीत झाले! पेटारा बंद केला.

कार्यक्रम चारला सुरू व्हायचा होता. सहापर्यंत सत्कारच चालले. अध्यक्षांचा, उपाध्यक्षांचा, मंडपवाल्याचा, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा. प्रत्येकाला शाल, नारळ आणि निवेदकाची एक चारोळी. वादक बिचारे वाद्यं मांडीवर घेऊन बसलेले. शेवटी एकदाचं वाजायला लागलं. पाठक सरांनी हात केला, दिगूने गज ओढला... आवाजच नाही. शेवाळावरून पाय घसरावा तसा गज तारांवरून सटकला. दुसरा घेतला, तोही तसाच. तारांनाही तेल लागलं. दिगूने गज नाकाशी नेला, वास घेतला आणि बायकांच्या बाजूला माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग गज खाली ठेवला आणि सगळा तुकडा बोटांनी तार छेडत वाजवला. मागे पंचवीस जण दणाणत होते, त्यात ते टुणटुण कोणाला ऐकू येणार? "हे त गिटार हाये बे," मागून कोणी ओरडलं, लोक हसले. आभार मानताना अध्यक्ष म्हणाले, वयापुढे कोणाचं चालत नाही. दिगूने त्यांनाही नमस्कार केला.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "काऊन रे, गज काऊन ठेवला?"

"बाई, तेल लावलं काय तू?"

"लावलं. भुकटी बसली होती नुसती."

"ते राळ होती वो. राळ धरते म्हणून तार बोलते."

"मंग तिथंच सांगावं लागत होतं!"

"काय सांगू? मह्या बहिणीनं गजाची मालिश केली?" तो हसला, मग बाहेर बघत म्हणाला, "कोणाले सांगू नको. तुले इथंच राहाचं हाये. जो तो हसंल."

मी नाही सांगितलं. पाठक सर चिखलीच्या बाजारात भाजी घेताना किती वेळा भेटले. एक वाक्य पुरलं असतं. पण गावाने मला हसण्यापेक्षा त्याला हसलेलं मला चाललं, हे खरं आहे. त्यानंतर जिल्ह्यात त्याला कोणी वाजवायला बोलावलं नाही. अध्यक्षांना मी मूर्ख म्हणते, पण त्यांना निदान माहीत नव्हतं.

तेव्हा मुंबईला परत जाताना दिगूने एक गज माझ्याकडे ठेवला. मी त्याने जाळी काढायची. काठी लांब आहे, बरी पडते. परवा पाठक सर घरी आले. मंडळाच्या काचेच्या कपाटात दिगूची एखादी वस्तू ठेवायची आहे, ताई, काही आहे का? मी खिळ्यावरचा गज काढून पदराने पुसला. ते हात पुढे करून, डोळे मिटून उभे, प्रसाद घेतल्यासारखे.

"देते," म्हटलं. "आधी वास घ्या."