दिवसाला एक चिरूट

"आज वकिलाची राख पह्यली पडली."

बोरीचे पाटील शेजारी बसलेल्या माझ्या काकांना हळूच म्हणाले. मी बैठकीच्या दारात अडकित्ता घेऊन उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. बाबांना ऐकू आलं नसावं. ते गादीवर पडलेल्या राखेकडे बघत होते.

दसरा होता. बाबा आणि त्यांचे नेहमीचे तिघे शिवेवर जाऊन सोनं घेऊन आले होते, आईने सगळ्यांना ओवाळलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत बैठकीत चिरूट पेटले होते. आमच्या सेलूच्या घरात सणाला चिरूट ओढायची चाल बाबांनीच पाडली. कापसाच्या मोसमात जिनिंगवर एक गोरा खरेदीदार यायचा. त्याचं काही अडलेलं काम बाबांनी सोडवून दिलं, तेव्हा त्याने त्यांना चिरुटांची एक पेटी भेट दिली. तेव्हापासून बाबा रोज चार-पाच ओढायचे, पण सणाचा चिरूट त्यांना एकट्याने ओढता येत नसे. दसरा, पाडवा, ईद, कुणाच्या घरी बारसं, काही ना काही निमित्त काढून ते तिघांना बोलवायचे. काका, पाटील आणि मुन्सफसाहेब. मुन्सफसाहेब गावच्या अदालतीत न्यायाधीश होते. सकाळी बाबा त्यांच्यापुढे उभे राहून उर्दूत बाजू मांडायचे आणि सणाला त्यांच्या शेजारी मांडी घालून बसायचे.

राखेचा खेळ त्यांचाच. चिरूट झटकायचा नाही. ज्याची राख आधी पडेल त्याने स्वतःची एक फजिती सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे. पाटलांच्या फजित्या केव्हाच संपल्या होत्या, ते आता मेहुण्याच्या फजित्या आपल्या म्हणून सांगायचे. बाबांची मात्र एकही फजिती कुणी ऐकली नव्हती. त्यांच्या चिरुटावर बोटभर राख उभी राहायची आणि ते तिच्यासकट हातवारे करून बोलायचे.

या सगळ्यात माझंही एक काम होतं. आई चिरुटांना हात लावत नसे आणि तो डबा माजघरात येऊ देत नसे. तो बैठकीच्या कोनाड्यात असायचा आणि माझ्या ताब्यात असायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात चिरूट वाळून कुरकुरीत होतात, म्हणून मी डब्यात माठाचं एक ओलं खापर ठेवायची आणि ते वाळलं की बदलायची. चिरुटाचं टोक कापायलाही मला बाबांनीच शिकवलं. त्यासाठी एक वेगळा अडकित्ता होता. "टोपी काढायची, डोकं नाही," ते म्हणायचे. मी हैदराबादला, इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. सुटीत घरी आले की चार माणसांत मला तोंड उघडवत नसे. मराठी बोलताना मध्येच शब्द सापडत नसे आणि सगळे थांबून माझ्याकडे बघत. चिरूट कापताना बोलावं लागत नसे. म्हणून ते काम मला फार आवडायचं.

त्या दसऱ्याला मी मॅट्रिक होऊन कायमची घरी आले होते.

"आता सुटका न्हाई, वकीलसाहेब," पाटील म्हणाले. "सांगा तुमची."

बाबा हसले. त्यांचा आवाज आषाढापासून बसलेला होता, फाटक्या कापडासारखा येत होता. त्यांनी सांगितलं की वकिली नवी होती तेव्हा घाईत त्यांनी कागदांचा भलताच बस्ता उचलला, आणि अदालतीत एक तास उलट्या पक्षाची बाजू मांडली. "आणि इतकी चांगली मांडली," ते म्हणाले, "की आमचा पक्षकार रडायला लागला."

"और फैसला?" मुन्सफसाहेबांनी विचारलं.

"आम्ही हरलो. पण समोरचा वकील येऊन माझे पाय धरायला लागला हो!"

सगळे लोटपोट हसले. बाबाही हसले आणि त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. खोकला थांबल्यावर मुन्सफसाहेबांनी शेरवानीच्या खिशात हात घातला.

"अरे, मैं तो भूलीच गया. डॉक्टरसाब लिफाफा दिये."

ते त्याच सकाळी हैदराबादहून रेल्वेने परतले होते. येताना चिरुटांची नवी पेटी आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन आले होते. भाद्रपदात बाबा हैदराबादला जाऊन घसा दाखवून आले होते. तिथल्या इंग्रज डॉक्टरांनी घशातला एक तुकडा तपासायला काढून घेतला होता. त्याचं हे उत्तर. लिफाफा बंद होता. मुन्सफसाहेब दुसऱ्याचं पत्र उघडणारे नव्हते, आणि त्यांचं इंग्रजी सहीपुरतंच होतं. बाबा उर्दू आणि फारसी शिकलेले, काका मोडीत पटाईत. इंग्रजी वाचणारी त्या घरात मी एकटी होते.

"ये गं," बाबा म्हणाले. "वाच. काय म्हणायलाय डॉक्टर?"

"आमच्या मडमेला विचारा," काका म्हणाले. "एवढी वर्षं शिकवलं ते कशाला!"

"वाच की पोरी," पाटील म्हणाले. "आमाला बी ऐकू दे इंग्रजी कशी असती ती."

मी पत्र उघडलं आणि मनात वाचलं. एकच पान होतं, स्वच्छ टाइप केलेलं. घशातली गाठ कर्करोगाची आहे. मुंबईला किरणांचा उपचार होतो. महिन्याच्या आत गेलात तर तो करून पाहता येईल, त्यानंतर आशा ठेवता येणार नाही. तंबाखू आजपासून पूर्ण बंद. वर पाच दिवसांपूर्वीची तारीख होती.

मी मान वर केली. चौघे माझ्याकडे बघत होते. बाबांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, कौतुक होतं. आपली मुलगी चारचौघांत इंग्रजी पत्र वाचते आहे याचं कौतुक. त्यांच्या पागोट्यात आपट्याची पानं खोचलेली होती. मांडीवर नवी पेटी होती.

"घसा सुजलाय," मी म्हणाले. "आराम करा म्हणतात. आणि चिरूट कमी करा."

"कमी म्हंजे किती?" पाटलांनी विचारलं.

त्यांनी विचारलं नसतं तर मी तिथेच थांबले असते असं मला पुष्कळदा वाटतं. पण त्यांनी विचारलं, आणि एकदा सुरू केल्यावर मला मागे येता आलं नाही. पत्राकडे बघत, वाचल्यासारखं करून मी म्हणाले, "दिवसाला एक."

"वा!" बाबा म्हणाले. "डॉक्टर समजूतदार माणूस आहे."

रात्री सांगू, असं मी ठरवलं होतं. रात्री पाहुणे होते. सकाळी सांगू म्हटलं, तर सकाळी बाबा खुशीत आईला सांगत होते की घसा नुसता सुजला आहे, आणि आई देवापुढे हात जोडून उभी होती. मी परत फिरले. नंतर मी आईपाशी दोनदा गेले. एकदा ती भाजणी भाजत होती आणि म्हणाली, "बस, सांग." मी बसले आणि कढई बघत राहिले. काकांना पत्र मराठीत लिहून द्यावं म्हणून कागद घेतला. पण घशाच्या आतल्या भागाला मराठीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, आणि त्या एका शब्दापाशी मी कागद फाडला. आज कळतं की शब्दाचं निमित्त होतं. मूळ पत्र मी माझ्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं होतं. खरं तर ते घरच्या चौकात उघडं ठेवलं असतं तरी चाललं असतं. कुणाला वाचता आलं नसतं.

बाबांनी डॉक्टरांचा हुकूम काटेकोर पाळला. मी सांगितलेला हुकूम. आयुष्यात त्यांनी कुठलं पथ्य पाळलं नव्हतं, पण हे पाळलं, कारण ते त्यांना पटलं होतं. अदालतीतून आले की पाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि मला हाक मारायचे. "आण गं आपलं औषध." मी डबा उघडायची, एक चिरूट निवडायची, टोक कापून द्यायची. काडी पेटवून गंधकाचा वास जाईपर्यंत ते थांबायचे, मग चिरूट बोटांत फिरवत शिलगवायचे. पहिला झुरका घेताना डोळे मिटायचे. धुराला ओल्या मातीचा आणि गुळाचा वास यायचा. तो वास मला लहानपणापासून सणाचा वाटायचा. त्या दिवसांत तो यायला लागला की मी विहिरीकडे निघून जायची.

आठवड्याभराने घास गिळताना ते मान एका बाजूला वळवायला लागले. अदालतीत मुन्सफसाहेब त्यांना जवळ बोलावून ऐकत, असं कारकुनाने आईला सांगितलं. बाबा म्हणायचे, "एकाने हा फरक पडायलाय, अजून थोडे दिवस जाऊ दे." रोज ते बरे होण्याची वाट बघत, आणि रोज मी त्यांच्या हातात चिरूट देत होते.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की मी दडवलेल्या त्या तीन आठवड्यांनी फारसा फरक पडला नसता. माघात बाबा गेले. डॉक्टरांचं बोलणं खरं होतं, की समोर उभ्या असलेल्या मुलीची समजूत घालायला ते तसं म्हणाले, हे मला कधीच कळलं नाही. मी त्यांना परत विचारलं नाही. विचारायची सवय मला नव्हतीच.

त्या दसऱ्यानंतरचा दिवाळीचा पाडवा आला. आईने ओवाळल्यावर बाबा नवं धोतर नेसून बैठकीत आले. ते इतके उतरले होते की धोतराचा घोळ कमरेला जास्त दिसत होता. दुपारी तिघे आले. पाटलांनी बोरीहून शेतातली कोवळी काकडी आणली होती. मुन्सफसाहेबांनी आईसाठी सुका मेवा आणला होता. तिघांनीही आल्या आल्या बाबांकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळलं.

चिरूट पेटले. मी दारात होते. थोड्या वेळाने पाटलांची राख पडली. मग लगेच काकांची, मग मुन्सफसाहेबांची. मी बघत होते. पाटलांनी मुद्दाम मनगट हलवलं होतं. इतरांनीही तेच केलं. बाबांच्या हाताला कंप होता आणि त्यांच्या चिरुटावर जेमतेम नखाएवढी राख होती, पण ती टिकली.

"जिंकलास रे," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

म्हणजे त्यांना दिसत होतं. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता तिघांनाही दिसत होतं. ते गप्प होते, कारण पत्रात सूज लिहिली होती, आणि पत्र मी वाचलं होतं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

फजित्यांची पाळी तिघांची होती. पाटलांनी मेहुण्याची एक सुरू केली, ती अर्ध्यातच सुटली. मुन्सफसाहेब म्हणाले, "मेरी अगले बार." कुणाला हसू येत नव्हतं, एक बाबा सोडून. ते जिंकल्यामुळे खूश होते. हातातलं थोटूक त्यांनी पितळेच्या तबकात ठेवलं आणि मला हाताने बोलावलं. मी जवळ गेले. त्यांचा आवाज जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नसे.

"काल मी पिलो नाही," ते म्हणाले. "तू चहा घेऊन आलीस तेव्हा मी झोपलो होतो, आठवतं? झोपलो नव्हतो. आजच्यासाठी राखून ठेवला. कालचा एक आणि आजचा एक. चालतील ना दोन?"

मी तबकातलं थोटूक पुरतं विझवलं.

"तुझ्या डॉक्टरच्या हिशोबात बसतं बघ," ते म्हणाले आणि मित्रांकडे वळून हसले. "पोरगी लय कडक आहे. हिच्या परवानगीशिवाय मिळत नाही."

"दे की बाई," पाटील म्हणाले. "सणाचा दिवस हाय. दे."

डबा माझ्याच हातात होता. मी झाकण उघडलं, एक चिरूट काढला आणि अडकित्त्याच्या पात्यात धरला. बाबा हात पुढे करून बसले होते. मला टोक कापता येईना. पातं तसंच उघडं राहिलं.

"क्या हुआ, बिटिया?" मुन्सफसाहेबांनी विचारलं.

आई आतून दारापर्यंत आली होती. चौघे माझ्याकडे बघत होते. मी चिरूट परत डब्यात ठेवला, बाबांसमोर खाली बसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"बाबा, दिवसाला एक हे डॉक्टरांनी लिहिलेलं नाही. ते मी सांगितलं. त्यांनी एकही नको असं लिहिलंय. गाठ कर्करोगाची आहे, महिन्याच्या आत मुंबईला जा, असं लिहिलंय. आज सव्वीस दिवस झाले."