आवणीची रजा

आमच्या कंपनीत कोणी नोकर नाही, सगळे कुटुंब आहेत. हे मला पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी सांगितलं, आणि मी इतकी भोळी की ऐकून बरं वाटलं. मुरबाडच्या एमआयडीसीत माल भरून गाड्या बाहेर काढतात त्या विभागात मी बसते. चलन करायचं, गेटपास काढायचा, गाडीचा नंबर टिपायचा, ड्रायव्हरला चहा पाजून वाटेला लावायचं. काम मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं बाई कामचुकार आहे.

सुट्टी साडेपाचला होते. म्हणजे तसं लिहिलेलं आहे. साडेपाचला पर्स उचलली की साहेब काचेच्या केबिनमधून विचारणार, "काय, आज हाफ डे?" आणि सगळ्यांनी हसायचं. चार वर्षं मीही हसले. रविवारी सकाळी ग्रुपवर साहेबांचा सुविचार येतो; त्याखाली लगेच हात जोडले नाहीत, तर सोमवारी "नाराज आहात का?" अशी चौकशी होते. एकदा मी तापाने फणफणले होते. साहेबांनी "काळजी घे" लिहिलं आणि खालच्याच ओळीत गेटपासच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड विचारला. मी तो पाठवला आणि वर "सॉरी सर" लिहिलं. कशाबद्दल सॉरी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी टोकावड्याच्या अलीकडच्या गावात राहते. नवरा वाशिंदला कारखान्यात आहे, तिथेच खोली घेऊन राहतो आणि आठवड्याने घरी येतो. घरात सासूबाई आणि मी. शेत थोडंच आहे, पण भात घरचंच खायचं हा सासूबाईंचा हट्ट. भाताची लावणी, म्हणजे आमच्याकडची आवणी, सावडीने होते. आज सगळ्यांनी आमच्या खाचरात उतरायचं, उद्या शेजारच्या, परवा त्यापुढच्या, अशी आळीतली पाच घरं फिरायची. मजूर हल्ली मिळत नाहीत आणि वाढलेलं रोप कोणासाठी थांबत नाही. एखाद्या घराने दांडी मारली तर कोणी भांडत नाही. पुढच्या वर्षी त्या घराकडे कोणी फिरकत नाही, इतकंच. दोन घरं अशीच गळाली आणि त्यांची खाचरं आता पडीक आहेत. आमचं घर तिसरं होऊ नये एवढीच माझी धडपड होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे चिखलात उतरणारी मी एकटीच.

यंदा मी महिनाभर आधी रजा मागितली. बुधवारी आमच्याकडे, गुरुवारी शेजारच्या वहिनींकडे, शुक्रवारी काकींकडे आणि शनिवारी आळीच्या टोकाच्या घरी. पाचवं घर रविवारी, त्याला रजा लागत नव्हती. साहेबांनी सही करताना आपणही शेतकऱ्याचेच चिरंजीव असल्याचं सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी निरोप आला: गुरुवारी मुंबईचे मोठे साहेब येणार आहेत, बुधवार घे, गुरुवारी हजर राहा, बाकीचं नंतर बघू. खाली आणखी एक ओळ होती. घरच्या माणसाला हे सांगावं लागतं का?

बुधवारी सकाळी सातला सगळे आमच्या खाचरात उतरले. मी आदल्या दिवशीच कागदावर सगळं आखून ठेवलं होतं. नऊपर्यंत वरचं खाचर, बारापर्यंत मधली दोन, जेवण अर्ध्या तासात, आणि कोणी कुठल्या कडेने लावायचं तेही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला होता आणि तो वाजत होता. दर वेळी बांधावर चढायचं, हात पुसायचे, कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते सांगायचं. परत उतरावं तर बाया गप्पा मारत लावतायत. माझं डोकं फिरायचं. दहाचा चहा मी थर्मासमधून जागेवरच दिला, कोणाला बांधावर टेकू दिलं नाही. चिखलात उभ्याने चहा पिताना काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. काकी आमच्या सावडीतल्या सगळ्यांत जुन्या. रोपाची मूठ कुठे टाकायची ते त्याच सांगतात.

थोड्या वेळाने शेजारच्या वहिनी खाचरातून बाहेर पडल्या, पाय धुतले आणि घराच्या वाटेला लागल्या. माझ्या तोंडून निघालं, "काय वहिनी, आज हाफ डे?"

कोणी हसलं नाही. वहिनी क्षणभर थांबल्या आणि मान खाली घालून गेल्या. शब्द साहेबांचे, सूर साहेबांचा, फक्त मध्ये काच तेवढी नव्हती.

काकींनी वाकलेली कंबर सरळसुद्धा केली नाही. "तिचा सासरा पडून हाय गो," त्या म्हणाल्या. "त्याला पेज पाजून येल ती. तिची वळ आमी लावतो. तू तुझा फोन बघ."

बघितलं तर वहिनींची ओळ खरंच पुढे सरकत होती. डावीकडची बाई जरा उजवीकडे सरकली होती, उजवीकडची जरा डावीकडे. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनी परत आल्या तेव्हा त्या दोघी पुन्हा आपापल्या जागी गेल्या, आणि वहिनींना मागे राहिलेलं काहीच भरून काढावं लागलं नाही. जेवताना मी त्यांच्या ताटात सुकट जास्त वाढली. माफी मागायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी मी काय करायला हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी कंपनीत गेले. सासूबाईंना म्हटलं, वहिनींना सांगा, मला यायला जमणार नाही. त्या बरं म्हणाल्या.

कंपनीत फाइलींना नवी कव्हरं घातली होती आणि गेटवरच्या वॉचमनला टोपी. बारा वाजेपर्यंत आम्ही सगळे आल्यागेल्या गाडीकडे माना वळवत होतो. शेवटी मी केबिनमध्ये जाऊन विचारलं. साहेबांनी सहज सांगितलं की मोठ्या साहेबांचं येणं काल संध्याकाळीच रद्द झालं. कळवायचं राहिलं. पण आले ते बरंच झालं, मागचं काम उरकेल, आणि चिखलात तसंही काय ठेवलंय! मला भयंकर संताप आला. पण त्या संतापाचं काय करायचं हे मला कुठे ठाऊक होतं? मी जागेवर बसले आणि साडेपाचपर्यंत मागची चलनं केली. साहेबांपेक्षा मला माझाच जास्त राग येत होता.

एसटीतून उतरून मी घरी न जाता वहिनींच्या शेतावर गेले. आवणी संपली होती. वहिनी पाटाच्या पाण्यात पाय धूत होत्या. मी कालचं आणि आजचं असं दोन्ही एकदम बोलायला गेले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, तुमच्या घरचं माणूस आलं होतं की. सासूबाई आलेल्या तुमच्या.

घरी सासूबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघे चांगलेच सुजले होते आणि बाई खुशीत. बायांनी त्यांना बांधावर बसवून मुठी सोडायचं काम दिलं होतं, पण ह्यांनी हट्टाने दोन ओळी लावल्या. मी भडकले. कोणी सांगितलं होतं, उद्या उठता आलं नाही तर, असं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "तुज्या जागी आज मी उभी रायले. तिकडं कंपनीत तुज्या जागी कोन उभं रातं?"

"कोणी नाही."

"तू आजारी असलीस तरी?"

"तरी."

त्यांना ते काही केल्या पटेना. मग एवढी माणसं तिथे करतात तरी काय, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मी तेलाची वाटी गरम करायला ठेवली आणि तेवढ्यात साहेबांना फोन लावला. चार वर्षांत स्वतःहून लावलेला तो पहिलाच. म्हटलं, सर, उद्या आणि परवा मी येणार नाही, सही केलेली रजा आहे. त्यांनी आवाज मऊ केला, कुटुंबाच्या अडचणी सांगितल्या, मग आवाज चढवला.

"मग तुझं काम कोण करणार?"

नेहमी अशा वेळी मीच घाईघाईने काहीतरी सुचवते. सकाळी लवकर येऊन करून ठेवते म्हणते, घरून करते म्हणते. ह्या वेळी मी काहीच सुचवलं नाही. हा प्रश्न त्यांनी चार वर्षांपूर्वीच स्वतःला विचारायला हवा होता. ते वाट बघत राहिले. तेल गरम झालं होतं, म्हणून मी "ठेवते, सर" म्हटलं आणि सासूबाईंच्या गुडघ्यांपाशी जाऊन बसले.