शेणाने सारवलेली गाडी

"श्श... आयका."

उजवा हात वर, तळवा आपल्याकडे, मान डाव्या खांद्यावर किंचित कललेली. दादूस असे उभे राहिले की आम्ही जागच्या जागी गप्प व्हायचो. हातातला चहाचा कप बशीत ठेवायलासुद्धा धीर होत नसे. ते इंजिन ऐकत असायचे.

परवा तुम्ही त्या चाकांवरच्या घरातले फोटो पाठवलेत. तळ्याकाठी उभी गाडी, आत पलंग, छोटी शेगडी, खिडकीला पडदे. तुमची आई फोनवर म्हणाली, "आई, तू असं काही पाहिलंच नसशील." मी हसले. असं एक घर आमच्या अंगणाला लागून उभं असायचं, आणि त्याची जमीन शेणाने सारवलेली होती.

तेव्हा आम्ही भिवंडीच्या बाहेर, दापोड्याच्या वाटेवर राहत होतो. घरामागे यंत्रमागांची, म्हणजे लूमची, शेड होती. लूम रात्रंदिवस खडखडत, इतके की तो आवाज कानांना कळेनासा झाला होता. त्या वर्षांत भारनियमन फार. वीज गेली की सगळे लूम एकदम थांबत आणि सारा परिसर पाण्याखाली गेल्यासारखा शांत होई. लोक वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडत. शेजारचे दादूस मात्र लगबगीने बाहेर येत आणि गाडी चालू करत. इंजिन नीट ऐकू यायची तेवढीच वेळ. म्हणून आमच्याकडे अंधार आणि त्या जुन्या डिझेल इंजिनाची धडधड नेहमी जोडीनेच येत.

सगळा परिसर त्यांना दादूस म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारं घर. शेत त्यांच्या पडवीपासूनच सुरू व्हायचं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सकाळी दार उघडून पायरी उतरली की पाय थेट बांधावर पडायचा. मग गोदामवाले आले. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी दिल्या, दादूसनीही दिली. जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर होती, त्यामुळे सही एकाचीच लागली. वहिनींना कळलं ते भरावाच्या गाड्या येऊन मुरूम टाकू लागल्या तेव्हा. त्या पायरीवर उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्या दादूसशी फक्त "जेवान वाढलंय" एवढंच बोलत.

शेताच्या जागी लांबलचक पत्र्याचं गोदाम उभं राहिलं. सकाळी दारासमोर निळी भिंत. पुढे एक दिवस दादूस आमच्याकडे आले. तुमच्या आजोबांना म्हणाले, "साहेब, एक गारी बघायला यायचंय. बाईंना पन घ्या. कागद इंग्लिशमंदी हाईत." मी शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे त्यांच्या लेखी सगळ्या इंग्रजी कागदांची जबाबदारी माझी होती.

मानकोलीच्या नाक्याजवळ एका आवारात ती उभी होती. कुठल्याशा धर्मादाय संस्थेचा, डोळे तपासणारा फिरता दवाखाना. संस्था बंद पडली, गाडी विक्रीला निघाली. बाहेरच्या बाजूला अर्धवट पुसलेली अक्षरं. आत एक लांब बाक, हात धुवायचं भांडं, कपाटं आणि मागच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी.

विकणारा इंजिनाचं कौतुक सांगत होता. दादूसनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि काढला.

"गरम हाय."

"जरा फिरवून आणली, साहेबांना दाखवायला."

"बैल बाजारात आनतात ना, तवा आदी पोटभर पानी पाजून आनतात, भरलेला दिसावा म्हनून. बंद कर. सांजंला येतो. थंड इंजिन खोटं बोलत न्हाय."

आणि खरंच, आम्ही घरी येऊन, जेवून, झोपून संध्याकाळी पुन्हा गेलो. थंड इंजिन चालू व्हायला कुरकुरलं, पांढरा धूर ओकलं, खोकलं, मग लागलं. दादूसनी हात वर केला. "श्श... आयका." आम्ही तिघांनी ऐकलं. मला तर कपडे धुण्याच्या यंत्रात दगड पडल्यासारखं वाटलं, पण दादूसच्या चेहऱ्यावर देवळातून बाहेर पडतानाची शांतता होती. मग ते आत जाऊन बाकावर आडवे झाले, डोळे मिटले आणि तिथूनच म्हणाले, "शेत घरापासून गेलं ना बाई. मंग घर शेतापाशी न्यायचं."

गाडी कशासाठी होती हे मला तेव्हा कळलं.

वहिनींनी मात्र गाडीकडे एकदाच पाहिलं. "शेत इकून डब्बा आनला," म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

पुढे कितीतरी महिने दादूस आणि एक मिस्त्री त्या गाडीखाली राहत होते असं म्हणायला हरकत नाही. मिस्त्री उत्तरेकडचा, अंगाने आडवा आणि तोंडाने फटकळ. तो खालून ओरडायचा, "चाचा, ये गाडी नहीं, बुढ़िया है! रोज़ कुछ ना कुछ दुखता है इसका!" आणि दादूस वरून, "तुजी बायको म्हातारी झाली का टाकशील काय रं?" मिस्त्री शिव्या देत हसायचा. डिझेलच्या टाकीतला गंज काढला, नळ्या बदलल्या, बाकाचा पलंग झाला, हात धुवायच्या भांड्याशेजारी स्टोव्ह आला. तक्ता मात्र दादूसनी काढू दिला नाही. "असू दे. म्हातारपनी नजर किती रायली कलंल."

सगळं झालं, पण वहिनी गाडीत पाऊल टाकेनात. दादूस रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून पायरीवर बसत. बोलावत नसत. नुसते बसत.

आणि एके सकाळी मी फुलं तोडायला बाहेर आले, तर गाडीतून ओल्या शेणाचा वास आला. वहिनी आत होत्या. पाटीत शेण कालवून, गुडघ्यांवर बसून, हाताने गाडीची पत्र्याची जमीन सारवत होत्या. अर्धगोल, अर्धगोल, माशांच्या खवल्यांसारखे. दारातून आलेलं कोवळं ऊन त्या हिरव्या ओलीवर पडलं होतं, आणि क्षणभर मला ती गाडी नाही, दूरच्या कुठल्या गावातलं घर वाटलं. दादूस अंगणात उभे होते. त्यांचे डोळे भरले होते.

मिस्त्री आला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे चाचा! पत्रा सड़ जाएगा! नीचे से पूरा गल जाएगा! रोको इनको!"

दादूस त्याचं मनगट धरून त्याला चाफ्याखाली घेऊन गेले. "सरू दे. एक शबुद बोलू नको. तिचं घर हाय, सारवनारच."

भात पोटरीला आलं होतं, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात होतं, तेव्हा आम्ही निघालो. गणेशपुरीजवळ वहिनींच्या भाच्याचं शेत होतं. तुमचे आजोबा आणि मी पाहुणे म्हणून पलंगावर बसलो. वहिनी पुढे दादूसशेजारी, मांडीवर पाण्याची कळशी धरून. एरवी एस.टी.त बसल्या की त्यांना उलट्या होत. म्हणून त्या माहेराखेरीज कुठे गेल्याच नव्हत्या. दादूस प्रत्येक वळणाआधी विचारायचे, "थांबू का?" त्या म्हणायच्या, "गप चालव."

अंबाडीच्या पुढे इंजिन आचके देऊन बंद पडलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. दादूसनी बॉनेट उघडलं, एक स्क्रू ढिला केला. आता तिथला छोटा पंप हाताने दाबत राहायचं, हवा निघून जाईपर्यंत. पण एक हात पंपावर आणि एक स्क्रूवर, तर नळी कोण धरणार? तुमचे आजोबा पुढे सरसावले, पण वहिनी आधीच उतरल्या होत्या.

"सर तिकडं. हापसायचंच ना?"

आणि अंगणातल्या हापशावर पाणी काढावं तशा त्या हापसू लागल्या. स्क्रूपाशी डिझेलचे बुडबुडे येत होते. बुडबुडे संपले तशा त्या थांबल्या. "भात शिजला," म्हणाल्या. दादूसनी स्क्रू आवळला. ते दोघं वाकलेले, काळे झालेले हात एकमेकांना लागत होते. तुमच्या आजोबांनी मला हळूच मागे ओढलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेचं झाड पाहू लागलो. ते कसलं झाड होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गाडी बांधाच्या टोकाला उभी राहिली. आम्ही दोघं भाच्याच्या घरी झोपलो, ती दोघं गाडीत. पहाटे मी बाहेर आले तेव्हा धुकं खाली उतरलं होतं. गाडीची चाकं दिसत नव्हती, नुसतं घर भातावर तरंगत होतं. मागचं दार उघडलं. वहिनी पायरी उतरल्या. पाय बांधावर पडला. त्या तशाच उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत, जणू आत स्टोव्हवर काहीतरी ठेवून बाहेर आल्या आहेत. मग वाकल्या आणि चिखलात उतरून गवत उपटू लागल्या.

आतून दादूस म्हणाले, "अगो, दुसऱ्याचं हाय त्ये."

"भाताला काय ठावं?" वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर दर वर्षी पोटरीच्या दिवसांत ती गाडी जायची. आणि दर वर्षी, वहिनी दिवाळीनंतर माहेरी गेल्या की दादूस आणि मिस्त्री सडलेली जमीन कापून काढायचे आणि नवा पत्रा ठोकायचे. वहिनी यायच्या आत दादूस स्वतः त्यावर माती-शेणाचा एक हात फिरवून ठेवायचे. फार वाईट सारवायचे. मी एकदा म्हटलं, "सांगून टाका ना त्यांना." ते घाबरले. "न्हाय बाई. पयल्यांदा माजं कायतरी तिनं आपलं म्हनलंय. सांगितलं तर हात आखडंल तिचा."

एका थंडीत दादूस गेले. फार आजारी पडले नाहीत. दुपारी झोपले ते उठले नाहीत. वीज गेली, लूम थांबले, आणि अंगणातून काही आवाज आला नाही. शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले, काय चुकतंय ते न कळून.

त्यांचा मुलगा गाडी भंगारात द्यायची म्हणत होता. वहिनी नको म्हणाल्या. पुढे पोटरीचे दिवस जवळ आले तेव्हा मी सहज गाडीत डोकावले. वहिनी घट्ट पिळलेल्या फडक्याने जमीन पुसत होत्या. शेण नव्हतं. पत्रा लखलखत होता.

"वहिनी, सारवत नाही आता?"

"न्हाय. पत्रा सरतो."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मिस्त्री आंगनात बोंबलला, तवा कान व्हते ना मना." त्या फडकं पिळत म्हणाल्या. "आनि हाताला कलतं, बाई. जुना पत्रा खरबरीत, नवा गुलगुलीत. दर साली."

"मग का सारवत होतात?"

त्या फडकं पिळतच राहिल्या. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"शेत इकलं तवा मना इचारलं न्हाय. म्हनलं, ह्याचा डब्बा सरवते, पार कुजवते. बगू बोलतो का कायतरी. बोलला न्हाय." मग खालच्या आवाजात, "पयल्या साली रागानं सारवली. मंग घर म्हनून."

"आणि आता?"

"आता नवा पत्रा कोन ठोकंल? टिकवाया पायजे."

मिस्त्री आला. गणेशपुरीपर्यंत तोच चालवणार होता. किल्लीला हात घालणार तोच वहिनींनी त्याला थांबवलं. पुढे जाऊन बॉनेटवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला.

"थंड हाय," म्हणाल्या. "कर चालू."

कुरकुर, पांढरा धूर, एक मोठा खोकला. मागे लूम खडखडत होते, काही नीट ऐकू येत नव्हतं. मिस्त्री काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. वहिनींनी उजवा हात वर केला, मान डाव्या खांद्यावर कलली.

"श्श," त्या म्हणाल्या. "आयका."