दोघांचं तेल

वणी रोडवरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. मोटरसायकलचं तेल बदलायची त्याची एक रीत होती. खालचा नट खोलून जुनं तेल सगळं गळू द्यायचा. शेवटचे थेंब बोटांवर घेऊन चोळायचा, हुंगायचा, आणि मगच कोणतं तेल टाकायचं ते ठरवायचा.

त्या दिवशी त्याने दोनदा हुंगलं.

"क्लच जळाल्याचा वास येऊन राह्यला. मागं कोन बसते, भाऊ?"

"कोणी नाही. एकटाच फिरतो."

"मंग हे दुसरं वझं कोनाचं?"

दर चतुर्थीला मी कळंबच्या चिंतामणीला जातो. बायको मागे बसून यायची. तिला जाऊन वर्ष झालं, तरी मी चतुर्थी चुकवत नाही. गाडी जड होते ती फक्त त्याच रस्त्यावर. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

मी आणलेला पातळ तेलाचा डबा पुढे केला. त्याने तो बाजूला सारला.

"एकट्याले हे चालते. दोघांले जाड लागते."

मला रागच आला. मेकॅनिकने तेलापुरतं बोलावं. त्याने मात्र शांतपणे जाड तेल ओतलं, झाकण आवळलं, हात पुसले. मग वाकून मागचा फक्त डावीकडचा फुटरेस्ट खाली केला.

माझी बायको नेहमी डावीकडे पाय सोडून बसायची. ते तर तेलाच्या वासावरून कळत नाही.