करीमचाचांचं उघडं छप्पर

करीमचाचा कोणाकडेही गेले की माणसाआधी छप्पर बघत. नवरदेवाच्या मापाला गेले तरी नजर आधी वर, मग गळ्यातला टेप खाली. "घर वरूनच मरते, बेटा," म्हणायचे. "भिंती बिचाऱ्या मागून पडते."

सातवी अर्धी टाकून मी साताऱ्याकडून चांद्याला आलो. लाकडाच्या डेपोत काम मिळालं, पण राहायला जागा नव्हती. चाचांनी शिलाई मशीन भिंतीला सरकवून मला ओसरी दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "भाडं मी देऊन राह्यलो. तू फक्त घोरू नको." त्या ओसरीमुळेच मी परमुलखात तगलो.

घर त्यांचंही भाड्याचंच. त्यांची आई तिथेच गेली, मुलीच्या लग्नाची पंगत त्याच अंगणात बसली. मालकाला ते विकायचं होतं. त्याच सुमारास कमेटीने, तिकडे म्युनिसिपालटीला कमेटी म्हणतात, राहतं घर विकत घ्यायला कर्ज द्यायला सुरुवात केली. मालक पावसाळ्यापर्यंत थांबायला तयार झाला. कमेटीच्या ओव्हरशियरने येऊन घर भक्कम आहे असं लिहिलं की झालं.

तो यायच्या आदल्या दिवशी मी डेपोतून परतलो तर चाचा छपरावर आणि सगळे कवेलू, म्हणजे आपली कौलं, अंगणात रचलेले. दरवर्षी पावसाआधी कवेलू उतरवून फेरतात, ते काम त्यांनी आधीच काढलं होतं. का, तर साहेबाला आतले सागवानी फाटे, म्हणजे वासे, दिसावेत. घर गेलं तर माझी ओसरीही जाणार होती. म्हटलं, चाचा, साहेबाला छप्परच दिसणार नाही.

"कवेलू त कुंभाराचे. घराची ताकद फाट्यात हाय. झाकून दाखवाले हे काय नवरी हाय?"

साहेब आला. वर पाहिलं, त्याला आभाळ दिसलं. चाचा फाट्यांवर ठोकून त्याला आवाज ऐकवत होते. त्याने लिहिलं, छप्पर नाही. बिनछपराच्या घरावर कर्ज मिळत नाही.

दुसऱ्याच दिवशी घाईघाईने कवेलू चढले. मग कमेटीत खेटे सुरू झाले. कारकून म्हणे, साहेब पुन्हा बघतील. साहेब म्हणे, पाळी आली की येईन. एकदा मी चिडून म्हणालो, खिडकीतून मान काढा, इथूनच दिसतं छप्पर. चाचांनी माझी बाही ओढली आणि बाहेर आल्यावर माझ्यावरच डाफरले, "तुह्या जिभेनं माही पाळी अजून मागं जाईन."

पाळी आलीच नाही. मृग तोंडावर आला आणि मालकाने घर एका ठेकेदाराला विकलं.

चाचा चिमूरला मुलीकडे निघाले. सामान बैलगाडीत चढलं, आणि हा माणूस शिडी लावून पुन्हा छपरावर. घाईत बसवलेले कवेलू कुठेकुठे सुटे राहिले होते, काही तडकलेही होते. मी संतापलो. ठेकेदाराचं घर आहे, तो बघेल, तुमचं काय अडलं?

"त्याले वर पाहाची सवय नाई. पानी भिंतीत गेलं त त्यात घराची काय चूक?"

मी दात खात अंगणात उरलेला एकेक कवेलू वर देऊ लागलो.

"हळू," ते वरून म्हणाले. "राग आला असन त कवेलू खाली ठेव, मंग राग कर. फुटला त आज दुसरा मिळणार नाई."